फॉरवर्ड आला, पण कोणत्या राज्याचा?



पुण्याची मावशी ‘लाडकी बहीण’चा मेसेज पाठवते, बेळगावची आत्या ‘गृहलक्ष्मी’चा. मग इंदूरच्या आपल्या घरात चर्चा सुरू होते, “आपणही फॉर्म भरून टाकू या का?” मेसेज मराठीत, पाठवणारी माणसं घरची, त्यामुळे लगेच विश्वास बसतो. पण राज्याची योजना भाषा बघत नाही, रहिवास बघते. ‘लाडकी बहीण’ २०२४ मध्ये आली ती महाराष्ट्रात राहणाऱ्या महिलांसाठी. मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ त्याच्या एक वर्ष आधीच सुरू झाली होती, आणि कर्नाटकात ‘गृहलक्ष्मी’सुद्धा २०२३ मधलीच. नावं सारखी वाटली तरी अटी आणि वेबसाइट वेगळ्या. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: योजना केंद्राची की राज्याची? राज्याची असेल, तर कोणत्या?

आता केंद्राच्या एका योजनेचं बघू. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांचा समावेश झाला. उत्पन्नाची अट नाही. दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएसचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. कार्ड इंदूरला काढलं आणि आजी पुण्याला मुलाकडे असताना आजारी पडली, तर तिथल्या योजनेत असलेल्या दवाखान्यातही ते चालतं.

एवढी चांगली योजना असल्यामुळेच तिच्या नावाने भलत्या लिंकही फिरतात. “आज शेवटची तारीख”, “नोंदणी फी भरा”, “ओटीपी सांगा” असं काही दिसलं की थांबा. या कार्डाला फी नाही.

मग खात्री कुठे करायची?

वेबसाइटचा पत्ता शेवटाकडून वाचा. सरकारी पत्ता बहुतेक वेळा ‘जीओव्ही डॉट इन’वर संपतो. हीच अक्षरं मधे कुठेतरी घुसवून शेवट वेगळा केला असेल, तर ती लिंक सोडून द्या.

‘मायस्कीम’ या सरकारी पोर्टलवर वय, राज्य, उत्पन्न वगैरे भरलं की केंद्राच्या आणि राज्यांच्या लागू पडू शकणाऱ्या योजना दिसतात.

महाराष्ट्राच्या योजनेबद्दल शंका असेल, तर शासन निर्णय म्हणजे जीआर शोधा. त्यावर तारीख, क्रमांक आणि संगणक संकेतांक असतो, आणि तो बहुतेक वेळा मराठीत असतो. केंद्र सरकारच्या नावाने फिरणारे मेसेज पीआयबी फॅक्ट चेक तपासून सांगतं.

फोनवर विचारायचं असेल, तर आयुष्मानसाठी १४५५५, ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. मध्य प्रदेशातल्या सरकारी कामाची तक्रार १८१ वर करता येते. ऑफिसात कोणी धड उत्तर देत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. केंद्राच्या कार्यालयात त्याची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत साधारण ३० दिवस.

हे काम घरातल्या तरुण मंडळींचं आहे. आजोबांना “तुम्ही काहीही फॉरवर्ड करता” असं म्हणणं सोपं आहे, पण त्याने त्यांचं कार्ड निघत नाही. या रविवारी त्यांचं आधार कार्ड घेऊन बसा. या योजनेत वय आधारवरूनच ठरतं, आणि बऱ्याच जुन्या कार्डांवर नुसतं जन्मवर्ष असतं किंवा तारीख चुकलेली असते. दुरुस्ती लागणार असेल, तर ती आत्ताच करून घ्या. मग सरकारी आयुष्मान ॲपवरून कार्ड काढा आणि घराजवळचे कोणते दवाखाने यादीत आहेत, ते लिहून फ्रिजवर लावा. रात्री दोन वाजता ॲडमिट करायची वेळ आली, तर हा शोध घ्यायला कोणालाच सवड नसते.