झाकणावरचे निखारे

सहलीला जाताना बरोबर न्यायचे म्हणून हल्ली अनेक घरांत ‘डच ओव्हन’ची चौकशी होते. नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे. बिडाचे जाड पातेले आणि त्यावर घट्ट बसणारे तितकेच जाड झाकण, बस्स! इंग्लंडच्या अब्राहम डार्बी यांनी १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत वसाहती करणाऱ्यांच्या बैलगाड्यांतून हे भांडे सर्वत्र पोहोचले. युटा राज्याने तर १९९७ मध्ये त्याला राज्याच्या अधिकृत भांड्याचा मान दिला.

मात्र खरेदीला जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपल्याकडे दुकानांत या नावाने जे मिळते, ते बहुधा सपाट बुडाचे आणि घुमटाकार झाकणाचे असते. ते घरातल्या शेगडीसाठी ठीक. पण उघड्यावर त्याच्या झाकणावरून निखारे घरंगळतात आणि बुडाखाली ठेवायला जागाच राहत नाही. मग हजारो रुपये खर्चूनही हाती उरते एक जड पातेले.

निवड कशी करावी?

बाहेर वापरायच्या भांड्याला तीन पाय हवेत, म्हणजे निखारे खाली मावतात. झाकण जवळजवळ सपाट आणि कडेला उभी किनार असलेले हवे. झाकण बसवून बोटाने दाबून पाहावे. ते डुगडुगले तर वाफ निसटणार. भांड्याची जाडी सगळीकडे सारखी असावी, कारण पातळ जागी अन्न हमखास करपते. उचलण्यासाठी मजबूत तारेची कडी हवी. एनॅमलचा मुलामा दिलेले भांडे निखाऱ्यांवर ठेवू नये, मुलामा तडकतो.

चार-पाच माणसांच्या कुटुंबाला १० इंची भांडे पुरते. आठ-दहा जणांसाठी १२ इंची घ्यावे. त्यात सुमारे ६ लिटर मावते, पण वजन रिकामे असतानाच ८-९ किलो भरते. तेव्हा गाडीने जाणार असाल तरच त्याचा विचार करा.

निखाऱ्यांचा हिशेब

या भांड्याची सारी करामत झाकणावर आहे. वरून आणि खालून आच मिळाली की पातेल्याची भट्टी होते. आपल्याला हे नवे नाही. कोकणातले काकडीचे धोंडस आणि गोव्याची बेबिंक वर निखारे ठेवूनच भाजली जात.

सारख्या आकाराच्या कोळशाच्या वड्या वापरल्या तर हिशेब सोपा आहे. भांड्याच्या इंचांतून तीन वजा करून तेवढ्या वड्या खाली, आणि तीन मिळवून तेवढ्या वर. म्हणजे १२ इंची भांड्याला खाली ९ व वर १५. यातून साधारण १७५ अंश सेल्सियस उष्णता मिळते. केक, पाव किंवा धोंडस भाजताना हेच प्रमाण ठेवावे. रस्सा किंवा डाळ करायची असेल तर उलट, खाली जास्त निखारे हवेत. लाकडी कोळसा लहानमोठा असतो आणि वाराही आच वाढवतो, म्हणून अधूनमधून नजर हवीच. दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडे एका दिशेला आणि झाकण उलट दिशेला थोडे फिरवावे. एकाच जागी करपत नाही.

बीड सांभाळताना

नवे भांडे धुऊन, पुसून, विस्तवावर कोरडे करावे. मग आतून-बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवून चांगले तापवावे. असे तीन-चार वेळा केले की काळा, गुळगुळीत थर धरतो. बिडाच्या तव्याला आपण हेच करतो. चिंच, कोकम, टोमॅटो यांचे पदार्थ त्यात फार वेळ शिजवू वा ठेवू नयेत. थर निघतो आणि अन्न काळे पडते. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये, तडा जातो. ठेवताना झाकणाखाली कागदाची घडी सरकवावी, नाहीतर पावसाळ्यात आत गंज ठरलेलाच.

जिवाची काळजी आधी

थंडी किंवा पाऊस आला म्हणून निखारे तंबूत, गाडीत किंवा बंद खोलीत कधीही नेऊ नयेत. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. मुलांना विस्तवापासून दूर बसवावे. झाकण उचलायला लोखंडी आकडा आणि जाड हातमोजे घ्यावेत. वाळल्या गवताजवळ चूल मांडू नये. राखीव जंगलात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून ढवळावे आणि राख हाताला गार लागली तरच जागा सोडावी.

पहिल्या दिवशी सहलीच्या गडबडीत प्रयोग नको. घराच्या अंगणात एकदा साधी डाळ आणि एकदा धोंडस करून पाहा. आपल्या भांड्याला किती आच लागते ते कळले, की पुढच्या सहलीत सगळ्यांना गरमागरम जेवण मिळेल.