सकाळची ‘फ्रेश’ हवा, म्हणे!

डिसेंबर उजाडला की आपल्यातल्या निम्म्या पब्लिकला फिटनेसचा झटका येतो. नवे शूज, कानात गाणी, सहाचा अलार्म. माझी मावसबहीणही त्यातलीच. नोकरी मौद्यात, राहणंही तिथंच, भंडारा रोडला. फरक इतकाच, की तिच्या खिशात इनहेलर असतो. गेल्या हिवाळ्यात तिनं फोनवर विचारलं, "ताई, मे महिन्यात त्या भट्टीत मला एकदाही पंप लागला नाही. आता एवढी मस्त थंडी, सकाळची फ्रेश हवा, तरी दोन राउंडमध्ये छाती भरते. काहून?"

तर बॉस, थोडं उत्तर तिच्या डोक्यावरच्या हवेत आहे.

२३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवशी आपण उन्हाला शिव्या घालतो, पण तेच ऊन आपला एक्झॉस्ट फॅन असतं. जमीन तापते, तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढते, वरची खाली येते. ही घुसळण दुपारी दोन-तीन किलोमीटर उंच जाते आणि रस्त्यावरचा धूर तेवढ्या मोठ्या भांड्यात विरतो. (फुकट काही नसतं. कडक उन्हात गाड्यांच्या धुरापासून ओझोन तयार होतो, आणि धूळ उडते ती वेगळी.)

हिवाळ्यात नेमकं उलटं. निरभ्र रात्री जमीन पटकन निवते, खाली गार हवा आणि वर उबदार, म्हणजे भांड्यावर झाकण. वाराही पडलेला. शेकोट्या, चुली, हायवेवरचे ट्रक, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली. आणि हे झाकण शहरापेक्षा मोकळ्या जागी जास्त घट्ट बसतं! सीताबर्डीतलं सिमेंट दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहतं, त्यामुळे तिथली हवा थोडी तरी हलते. मौद्याच्या आजूबाजूला शेतं, कन्हानचं पात्र. तिथं अडवायला काही नाही.

आता मौदा म्हटलं की एनटीपीसीचा २३२० मेगावॉटचा प्रकल्प आलाच. ५०० मेगावॉट आणि त्यापुढच्या युनिटला २७५ मीटर उंच चिमणी हवी, असा आपल्याकडे कित्येक वर्षं दंडक होता. २७५ मीटर म्हणजे जवळजवळ पावणेचार कुतुबमिनार. एवढ्या उंचीवरून सुटलेला गरम धूर रात्री बहुतेक वेळा झाकणाच्या वरून, पट्ट्यासारखा लांब जातो. खालच्याला त्याचा पत्ताही नसतो. खरी गंमत ऊन चढल्यावर. झाकण खालून वितळत वर जातं, त्या पट्ट्याला भिडतं आणि वरचा माल घुसळून खाली आणतं. कुठल्याही उंच चिमणीचा हा नियम आहे. म्हणजे पहाटे जमिनीवरचा धूर आणि नऊ-दहाच्या सुमारास वरचा. बरी हवा दुपारी, जेव्हा आपण मीटिंगमध्ये असतो! मी तिला चारनंतर चालायला सांगितलं. तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, त्यामुळे माझं वजन वाढलं.

वाऱ्याचा घोळ मात्र वेगळा, तो बिल्डिंगपाशी सुरू होतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेला रस्ता म्हणजे एक घळ. वारा या घळीला आडवा आला की छतावरून पुढं जातो, समोरच्या भिंतीवर आपटून खाली उतरतो आणि रस्त्यावरून उलटा फिरतो. येताना गाड्यांचा धूर घेऊन तो ज्या बिल्डिंगमागून आला, तिच्याच रस्त्याकडच्या भिंतीवर टाकतो. म्हणजे वारा पाठीमागून येतोय म्हणून निर्धास्त बसलेल्यांच्या खिडकीत धूर जास्त, आणि समोरच्यांना छतावरची बरी हवा. त्यात ऊन कुठल्या भिंतीवर पडलंय त्यावर हा भोवरा जोर धरतो किंवा मंदावतो. वरच्या मजल्यांवर तुलनेनं सुटका, पण तिथलं भाडं परवडलं तर!

त्यामुळे फ्लॅट बघायला जाल तेव्हा फक्त व्हेंटिलेशन आहे का विचारू नका. हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी, ट्रॅफिकच्या वेळेला जा आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवा. आणि ऑफिसात एसीसाठी बाहेरची हवा ओढणारी जाळी शोधा. ती पार्किंगच्या अंगाला, जनरेटरशेजारी निघाली, तर फॅसिलिटीवाल्यांना आजच मेल टाका. सीसीमध्ये एचआर.