'राष्ट्रीय इंजिन' कोणत्या राष्ट्राचे?

मारुतीची स्विफ्ट, टाटांची इंडिका व्हिस्टा आणि फियाटची पुंटो. बाजारात एकमेकींशी हिरिरीने झुंजणाऱ्या या तिन्ही गाड्यांचे बॉनेट उघडले की आत तेच १२४८ सीसीचे डिझेल इंजिन! फियाटच्या या मल्टिजेटला मोटार-पत्रकारांनी कौतुकाने 'भारताचे राष्ट्रीय इंजिन' ही पदवी बहाल केली. कोणत्या राष्ट्राचे, हे विचारण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही.

प्रतिस्पर्ध्यांनी एकच इंजिन वापरणे हे पाप नव्हे. नवे इंजिन घडवायला वर्षे लागतात, अफाट पैसा लागतो. तो अधिक गाड्यांवर विभागला की प्रत्येक गाडी स्वस्त पडते. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारी, तेलाचा घोट बेताने घेणारी डिझेल मोटार मिळाली ती याच व्यवहारामुळे. स्वदेशीच्या नावाखाली हे नाकारणे हा निव्वळ हट्ट ठरेल.

आक्षेप वेगळाच आहे. मारुतीच्या गाड्यांसाठी हे इंजिन परवान्यावर मानेसरला बनू लागले, तर टाटा-फियाट यांच्या भागीदारीतील कारखान्यात ते पुण्याजवळच्या रांजणगावी बनत होते. मानेसरचे उत्पादन अपुरे पडू लागताच जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावहून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने तीन वर्षे घेण्याचा करार केला. टाटांचा निम्मा वाटा असलेल्या कारखान्यातून इंजिने निघाली ती टाटांच्याच प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बसायला! व्यापार म्हणून चोख. पण घाम भारतीय, छत भारतीय, ग्राहक भारतीय असताना आराखड्याचा धनी मात्र इटलीत होता. १ एप्रिल २०२० पासून 'भारत टप्पा ६' हे प्रदूषण-निकष लागू झाले, हे इंजिन त्यांत बसवायचे नाही असे फियाटने ठरवले, आणि राष्ट्रीय म्हणवणाऱ्या इंजिनाचा अध्याय संपला. निर्णय राष्ट्राबाहेर झाला.

आराखड्याची मालकी सोडण्याचे मोल काय, हे खुद्द फियाटइतके कोण जाणणार? आजच्या डिझेल मोटारींचा प्राण असलेले 'कॉमन रेल' तंत्र विकसित केले ते फियाटच्या संशोधकांनी. नव्वदच्या दशकात कंपनीने ते जर्मनीच्या बॉशला विकून टाकले. बॉशने ते जगभरच्या मोटार कंपन्यांना विकले आणि मूळ जन्मदात्यालाही त्याच दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आपल्याकडे १९९८ ची इंडिका आठवावी. तिचे डिझेल इंजिन खडखडत असे, धूरही सोडत असे. पण ते टाटांचे होते. त्यात काय बदलायचे, ते केव्हा थांबवायचे, हे पुण्यात ठरत होते. त्याच टाटांनी २०१९ मध्ये मोठ्या थाटात हॅरियर आणली, तेव्हा तिच्यात पुन्हा फियाटचेच दोन लिटरचे डिझेल इंजिन होते, नाव तेवढे 'क्रायोटेक'. तेच इंजिन जीपच्या कंपासमध्ये होते आणि तेव्हा शांघायच्या सरकारी साइक कंपनीच्या मालकीच्या एमजीच्या हेक्टरमध्येही. जून २०२० मध्ये गलवानच्या बलिदानानंतर हेक्टर नाकारून हॅरियर घेणाऱ्या देशभक्त ग्राहकाची निष्ठा निःसंशय खरी. पण कोणत्याही दालनात त्याला हे कोणी सांगितले का, की दोन्ही गाड्यांच्या इंजिनाचा आराखडा एकच आहे आणि तो ना टाटांचा आहे, ना चिन्यांचा?