मूसांची दुआ अर्ध्यावर तोडू नका

फेब्रुवारी लागला की आपल्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जुम्मा मुबारक’च्या जोडीला परीक्षेचे वजीफे फिरू लागतात. पेपरच्या आधी अमुक दुआ इतक्या वेळा पढा, पेनावर दम करा, पाण्यावर फुंकून प्या, आणि हा मेसेज पुढच्या अकरा जणांना पाठवा. दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप आधीच घाबरलेले असतात. ते पाठवतात. कुणी ताईत आणतात आणि त्याचे पैसेही मोजतात.

दुआ मागू नका, असे मी म्हणणार नाही. ‘दुआने कुठे मार्क मिळतात का?’ म्हणून हसणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. पेपरच्या आदल्या रात्री छाती धडधडत असताना आपल्या रबशी बोलणे हा प्रत्येक मुलामुलीचा हक्क आहे. माझे भांडण वेगळे आहे. आपण मुलांना दुआ अर्धीच शिकवतो. उरलेली अर्धी सोडून देतो, कारण ती आपल्याला कामाला लावते.

परीक्षेसाठी सर्वांत जास्त सांगितली जाणारी दुआ सूरह ताहामधली आहे, आयत २५ ते २८. मन मोकळे व्हावे, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना आपले बोलणे समजावे, असे मागणे हजरत मूसा (अलै.) अल्लाहपुढे मांडतात. मेसेज इथे संपतो. कुरआन इथे थांबत नाही. २९व्या आयतीपासून मूसा (अलै.) पुढचे मागतात: माझ्या घरातला एक मदतनीस दे. त्यासाठी तिथे शब्द आहे ‘वजीर’. ते नावही घेतात, भाऊ हारून (अलै.). त्याच्यामुळे माझी कंबर बळकट होऊ दे, तो माझ्या कामात वाटेकरी होऊ दे. आणि ‘तुझी मागणी मान्य झाली’ हा निरोप येतो ३६व्या आयतीत. चौथ्या वाक्यावर नाही, मदतनीस मागून झाल्यावर.

हे मागणारा कोण आहे? अल्लाहचा प्रेषित. त्यालासुद्धा एकट्याने जायचे नव्हते. आणि आपण पंधरा वर्षांच्या पोरीला चार ओळी पाठ करून देतो आणि सांगतो, जा बेटा, अल्लाह मदद करेगा. तिचा हारून कुठे आहे?

हारून लांबचा नको, घरातलाच हवा, असे ती आयत सांगते. म्हणून घरापासून सुरुवात करतो. गेली काही वर्षे बोर्डाच्या परीक्षा आणि रमजान एकमेकांवर येत आहेत. दहावीचा मुलगा असेल तर असरनंतर त्याच्या खोलीचे दार लोटून घेतात. दहावीची मुलगी असेल तर ती भजी तळते, फळे कापते, इफ्तारनंतर भांडी घासते, आणि सहरीला सगळ्यांच्या आधी उठते. मग पेपरला निघताना अम्मी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ देतात. त्या हातात माया आहे, यात शंका नाही. पण त्याच अम्मींनी, आणि त्याहून आधी अब्बांनी आणि भावाने, महिनाभर तिच्या हातातली कढई काढून घेतली असती तर ती दुआ पुरी झाली असती.

दुसरा हारून मशीद आहे. दोन खोल्यांत सात माणसे राहतात, तिथे गणित कुठे सोडवायचे? मशिदीत दिवे आहेत, पंखे आहेत, वजूला पाणी आहे, आणि इशानंतर दाराला कुलूप आहे. तरावीह संपल्यावर, किंवा जिथे जमेल तिथे वरच्या मजल्यावर, परीक्षेचे दोन महिने अभ्यासिका चालवायला कुठला फतवा आड येतो? बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते, त्यांना अन्सारांच्या मुलांना लिहायला शिकवण्याच्या बोलीवर सोडण्यात आले, अशी रिवायत मुस्नद अहमदमध्ये आहे. शत्रूकडूनही मुलांसाठी मास्तर मिळवणाऱ्या प्रेषितांची (सल्ल.) आपण उम्मत, आणि आपल्याला एक खोली उघडता येत नाही?

तिसरा हारून तुम्ही आहात, जे आधीच पास होऊन पुढे गेलात. परीक्षेनंतरची खरी परीक्षा कागदांची असते. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीच्या यादीत आहेत. पण जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आजोबांचा शाळेचा दाखला शोधावा लागतो, नॉन-क्रिमीलेअर काढावे लागते. निकालानंतर धावाधाव सुरू झाली की प्रवेशाची तारीख निघून जाते. हे काम अकरावीतच सुरू करायचे असते, हे त्या मुलाला कोण सांगणार? त्याच्या बापाला सांगता येत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितले नव्हते. एका पदवीधराने दोन मुलांच्या फाइली पुऱ्या केल्या, तर अकराशे फॉरवर्डपेक्षा ते जड भरेल.

कुणी म्हणेल, सरकारला का विचारत नाही? विचारायलाच हवे. २०१४ मध्ये राज्याने मुस्लिमांना दिलेले पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरते चालू ठेवायला मुंबई उच्च न्यायालयाने हरकत घेतली नव्हती, तरी त्या अध्यादेशाचा कायदा झाला नाही. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली आणि मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. याबद्दल आवाज उठवायचा तर तीच दुआ कामाची आहे. मूसांनी (अलै.) ती मागितली तेव्हा समोर प्रश्नपत्रिका नव्हती. फिरऔनकडे जाण्याचा हुकूम झाला होता. जिभेची गाठ सुटावी, ती जुलमी सत्तेपुढे खरे बोलता यावे म्हणून. आपण तिला ऐंशी टक्क्यांच्या मागणीएवढी लहान केली. पण मंत्रालयाच्या दाराबद्दल बोलताना मशिदीच्या दाराचे कुलूप विसरायचे नाही. त्याची किल्ली आपल्याकडेच आहे.

आता वजीफ्यांबद्दल. पेपरसाठी म्हणून अमुक आकडा मोजून पढायची दुआ प्रेषितांनी (सल्ल.) सांगितलेली नाही. त्यांनी शिकवले ते साधे आहे. इब्ने माजाच्या हदीसनुसार फज्रच्या नमाजनंतर ते फायदा देणारे ज्ञान, पाक रोजी आणि कबूल होणारे काम मागत. ज्या ज्ञानाचा फायदा नाही त्यापासून ते पनाह मागत, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही तिरमिजीतली गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. बाहीत चिठ्ठी लपवून ओठांवर दुआ ठेवणारा उंटही बांधत नाही आणि तवक्कुलही करत नाही. तो अल्लाहला चोरीत भागीदार व्हायला सांगतो.

तेव्हा या वर्षी परीक्षेची दुआ पाठवायचीच असेल तर पुरी पाठवा, २५ ते ३६. खाली अर्थ लिहा. आणि त्याखाली आपला फोन नंबर टाकून एवढेच लिहा: गणित अडले तर इशानंतर ये, मी मशिदीत आहे.