चिरुटाचे रसिक आणि आपट्याचें पान

आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे रसिकतेची एक नवी शाखा निघाली आहे. पावसाळ्यांत माळशेजकडे निघालेले आमचे कांहीं सुखवस्तु मित्र वैशाखऱ्यापाशीं मोटार थांबवितात, सुगंधी लाकडाच्या पेटींतून हवानाचा चिरूट काढितात, आणि समोर नाण्याचा अंगठा धुक्यांतून डोकावत असतां त्या चिरुटाच्या गुणांचें निरूपण करितात. वरचें पान कसें तुकतुकीत, ओढ कशी मोकळी, राख बोटाच्या पेराएवढी झाली तरी कशी ढळली नाहीं! या निरूपणाविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्यापुढील वाक्याविषयीं. पलीकडे बांधावर एखादा वृद्ध ठाकूर आपट्याच्या पानांत चिमूटभर तंबाखू घालून विडी वळीत असला, तर त्याच्याकडे पाहून हे म्हणतात, "ती नुसती तलफ, ही रसिकता." हा निवाडा आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

चिरुटाच्या कसोट्या खऱ्या आहेत, हें आधीं सांगून टाकतों. आंतलें भरण, तें आवळून धरणारें पान आणि वरचें आवरण असे त्याचे तीन थर. आंतलीं लांब पानें अशा घड्यांनीं बसवावीं लागतात कीं धुराला शेवटपर्यंत वाट राहील. भरण दाबून बसलें तर ओढ लागत नाहीं; सैल राहिलें तर चिरूट भराभर जळून तोंड भाजतें. राख टिकते ती या लांब पानांमुळें, आणि चिरूट एका अंगानें जळत गेला तर बहुधा वळणाराचा हात चुकलेला असतो. म्हणजे परीक्षा होते ती हाताची. मग विडी तरी कशानें वळतात? टेंभुर्णीचें किंवा आपट्याचें पान भिजवून मऊ करावयाचें, जाड शीर टाळून मापानें कापावयाचें, चिमटींतली तंबाखू सारखी पसरून एका टोकाला निमुळती गुंडाळी करावयाची, तोंड मुडपावयाचें आणि सूत बांधावयाचें. येथेंही सैल वळली तर विझते, घट्ट वळली तर ओढ लागत नाहीं. शिवाय हातचूक झांकावयास दुसरा थर नाहीं. एका पानावर सारा कारभार!

कोणी म्हणेल, स्वादाचें काय? तंबाखूचीं पानें ढिगांत महिनोन् महिने मुरवून चिरुटाला जी खोली येते, आणि पेटविल्यापासून संपेपर्यंत त्याचा स्वाद जसा पालटत जातो, तें विडीला साधणें नाहीं. तिचें आवरण तंबाखूचें नसतें, आंत असतो तो निपाणीकडचा किंवा गुजरातेंतला चुरा. हें आम्ही बिनशर्त कबूल करितों. पण स्वाद श्रेष्ठ म्हणून कारागिरी दिसेनाशी व्हावी, हें कोणत्या रसशास्त्रांत बसतें? आणि ज्या शब्दाच्या विलायती ऐटीवर आमचे मित्र लुब्ध आहेत, तो चिरूट शब्द मूळचा तमिळ. त्याचा अर्थ गुंडाळी. १८८७ सालीं शेरलॉक होम्स प्रथम वाचकांपुढें आला, तेव्हां त्यानें राखेवरून ओळखलेला चिरूट त्रिचनापल्लीचा होता. उलट तंबाखू खुद्द अमेरिकेंतली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली. तेव्हां बांधावरची विडी आणि मोटारींतला चिरूट यांचें कुळ एकच!

दोन्ही अपायकारक आहेत, यांतही वाद नाहीं. विडी वारंवार ओढली नाहीं तर विझते, म्हणून धूर अधिक घ्यावा लागतो. चिरुटाचा धूर गिळला नाहीं तरी तोंडाचा कर्करोग टळत नाहीं. दोहोंचा त्याग करा म्हणणाराशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें एकाला व्यसन आणि दुसऱ्याला संस्कृति म्हणणारांशीं.

हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून चिरूट वळणारांना कादंबऱ्या व वर्तमानपत्रें वाचून दाखविण्याची प्रथा आहे. ही हकीकत आमचे रसिक मोठ्या कौतुकानें सांगतात, आणि ती कौतुकाचीच आहे. परंतु सिन्नरला, सोलापुराला हजारीं दरानें विड्या वळणाऱ्या बायका त्यांच्या बोलण्यांत कधीं येत नाहींत. सोलापुरानजीक कुंभारीस या बायकांसाठीं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला नांव आहे आमच्याच ठाणें जिल्ह्यांत वारल्यांमध्यें काम केलेल्या गोदूताई परुळेकरांचें. ही बातमीही त्यांच्या गांवीं नसते. सरकारनें मात्र १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं कायदा केला तो एकच. आणि विडीचा कस हवानाच्या चिरुटाहून कमी कडक लागतो असें नाहीं. तयार माल देतांना तपासनीस कट्टे चांचपतो आणि सदोष विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. चिरुटाला नांव ठेवल्यानें हवानाच्या कारागिराचा पैसाही बुडत नाहीं. छाट निघाली कीं वळणारीची मजुरी जाते. या कापाकापीचा इतका जाच झाला कीं साधारणतः शेंकडा पांचांहून अधिक छाट काढूं नये असें नियमांत लिहावें लागलें.

आमच्या मित्रांनीं एकदां त्या तपासणीच्या जागीं उभे राहावें, पंचवीस विड्यांच्या कट्ट्यांतून छाट कोणती आणि ती कां, हें त्या बाईच्या देखत सांगावें. मग वैशाखऱ्याच्या बांधावरील विडीविषयीं त्यांचें मत ऐकावयास आम्ही तयार आहों.