साहित्यातील 'आला' आणि 'आले'

मराठी भाषेत माणसाची प्रतिष्ठा क्रियापदाच्या एका मात्रेवर ठरते. पाटील 'आले', महार 'आला' हा गावगाड्याच्या बोलण्यातील भेद जसाच्या तसा पुस्तकांतही उतरला. आमच्या दुःखावर कळवळून लिहिणाऱ्यांच्या लेखनातही दया पुष्कळ होती, बरोबरी क्वचितच होती. दया करणारा उंचावर उभा असतो. प्रतिष्ठेला मात्र समोरासमोर उभे राहावे लागते. म्हणून ज्याचे जगणे आहे त्यानेच ते स्वतःच्या शब्दांत सांगणे, हा साहित्यातील प्रतिष्ठेचा पहिला अर्थ आम्ही मानतो.

१९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले ते याच जाणिवेतून. धम्मदीक्षेनंतर दीडच वर्षाने, १९५८ मध्ये, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि ज्यांच्याविषयी इतर लिहीत होते, ते स्वतःच लिहू लागल्याची जाणीव साऱ्या महाराष्ट्राला झाली.

परंतु या विचाराची खरी कसोटी बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात लागते. फलटणला लहानसे दुकान चालविणाऱ्या या बाईने घरच्यांपासून लपवून कित्येक वर्षे लेखन केले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. त्यात सवर्णांनी केलेल्या छळाबरोबर आपल्याच घरात सुनेचे होणारे हालही आहेत. स्वतःची कथा सांगतानाही त्यांनी 'आमुचं' म्हटले, कारण ते जिणे साऱ्या वस्तीचे होते. पुढे याच बेबीताईंनी निंबुरे या गावी मागास मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे नाव घेणे म्हणूनच आम्हांस उचित वाटते.

काही पालक विचारतात, "जुने दैन्य मुलांना कशाला सांगायचे? त्यांना लाज वाटेल." आमचे मत निराळे आहे. मेलेल्या जनावराचे मांस खावे लागले, ही खाणाऱ्याची लाज नव्हे. ज्या व्यवस्थेने ते खायला लावले तिची ती लाज आहे. मौन पाळले तर ती लाज आपल्याच पदरात पडते. आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून घरातील स्त्रीला बोलू न देणे, हे तर बेबीताईंना पुन्हा वही लपवायला लावणे आहे.

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न बोलीचाही आहे. धानाची रोवणी करणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या मायबहिणी झाडीबोलीत बोलतात. त्यांचे मूल वर्गात 'पानी' म्हणाले की इतर मुले हसतात, आणि ते मूल हळूहळू आईलाच कमी लेखू लागते. प्रमाण मराठी शिकलीच पाहिजे. परीक्षा व नोकरी तिच्यावाचून अडते. पण ती शिकताना मायबोलीची खिल्ली उडविण्याचे कारण नाही.

यासाठी आमची एक सूचना आहे. शाळेने दरवर्षी एक हस्तलिखित काढावे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आजी-आजोबांकडून ऐकलेले जगणे त्यांच्याच बोलीत उतरवावे. माजी विद्यार्थ्यांनी त्याचा खर्च उचलावा, पालकांनी न संकोचता सांगावे. नियम एकच असावा : आजोबा कामावरून 'आले' असेच मुलाने लिहावे.