अदिन्नादान आणि राज्यसत्ता

पंचशीलातील दुसरे शील आपण नित्य ग्रहण करतो : जे दिलेले नाही ते घेणार नाही. हे शील केवळ व्यक्तीसाठी आहे, की राज्यसत्तेलाही लागू आहे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

‘कायदेशीर’ आणि ‘न्याय्य’ हे शब्द समानार्थी नाहीत, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महार वतनदारांना तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी व गावकीच्या राबणुकीला जखडून ठेवले. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. पुढे ते मागे घ्यावे लागले. वतने संपली ती 1958 च्या कायद्याने. जमिनी पुन्हा मिळाल्या, पण नव्या शर्तीवर : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. अट संरक्षणासाठी होती, हे मान्य; तरीही कसणारा स्वतःच्याच शेतात कायमचा अर्जदार राहिला.

याचा अर्थ मालमत्तेचा हक्क अमर्याद असावा, असा नव्हे. कूळकायदा नसता तर असंख्य कुळे आजही खंडच भरत राहिली असती. स्वतः बाबासाहेबांनी 1947 मध्ये शेती राज्याच्या मालकीची करावी, असे सुचविले. परंतु त्यातही जमीनधारकांना मोबदला देण्याची तरतूद होती. राज्याने घ्यावे की नाही, यापेक्षा कोणाकडून, कोणासाठी आणि कसे घ्यावे, हा खरा प्रश्न आहे.

दीघ निकायातील चक्कवत्ती सीहनाद सुत्तात याचे उत्तर सापडते. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. राजाने चोरांचा शिरच्छेद आरंभिला, तेव्हा प्रजेनेही शस्त्रे उचलली. आधी आपले कर्तव्य चुकविणाऱ्या सत्तेच्या दंडाला नैतिक बळ उरत नाही, हा त्याचा आशय.

गायरानांचा प्रश्न या कसोटीवर पाहावा. 1959 व 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पडीक जमीन कसून पोट भरणाऱ्यास ‘अतिक्रमणदार’ म्हणणे कायद्याने सोपे आहे. पण त्याला पर्यायी जमीन न देता हुसकावणे आणि तीच जमीन धनिकांच्या प्रकल्पाला देणे, हे राज्यसत्तेचे अदिन्नादानच होय.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला. आता अनुच्छेद 300-अ एवढेच सांगतो की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. म्हणून तो कायदा कसा आहे, यावर जागता पहारा हवा. 1894 चा भूसंपादन कायदा जाऊन 2013 चा आला. त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आले. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. हा बदल लोकांच्या दीर्घ लढ्यांमुळे झाला.

या वसतिगृहातून शिकून गेलेल्यांत वकील आहेत, तलाठी आहेत, शिक्षक आहेत. गावी जाल तेव्हा आपल्या आणि शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावरील शर्ती वाचा. नोटीस आल्यास मुदतीत लेखी हरकत नोंदवून द्या. ग्रामसभेत प्रश्न विचारा. आणि जे शासनाच्या खुर्चीत आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी दुसरे शील आठवावे. ते खुर्चीवर बसल्याने सुटत नाही.